न दिसणाऱ्या बाटल्या आणि सोनकांबळे सर

मेंटेनन्सवाल्यांकडे ब्रेकडाऊनचं एक रजिस्टर असतं. काय बिघडलं, किती वाजता बिघडलं, कोणी दुरुस्त केलं, खाली सही. त्यात सगळं खरं असतं, आणि महत्त्वाचं काहीच नसतं! कोण काय बोललं, कोणाचा चेहरा कसा पडला, कोण दारात आडवं उभं राहिलं, याला त्या रजिस्टरमध्ये रकानाच नाही. मग ते सगळं साठतं चहाच्या टपरीवर. आमच्याकडे तर इतकं साठलंय की नवीन माणूस आला, की पहिला आठवडा त्याला काम कमी आणि किस्सेच जास्त मिळतात.

मी मूळची नांदेडची. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा तिथेच केला आणि नोकरी लागली लातूरला, एमआयडीसीत. आमच्या प्लांटमध्ये सर्जिकल स्पिरिट आणि सॅनिटायझर बाटल्यांमध्ये भरतात. जिथे भरतात त्या खोलीला आम्ही 'झोन' म्हणतो. झोन म्हणजे स्फोटाचा धोका असलेली जागा. स्पिरिटची वाफ हवेत मिसळली की एक ठिणगी पुरते. मोबाईल नाही, घड्याळ नाही, गाडीची रिमोटवाली चावी नाही, नायलॉनचा कपडा नाही.

आता अशा खोलीत एक सेन्सर बसवलेला आहे. त्याचं काम एकच. नळीखाली बाटली आली का, ते बघायचं. तो उजेडाचा किरण सोडतो, समोरच्या छोट्या आरशावरून किरण परत येतो. मध्ये काही आलं की त्याला कळतं. पुठ्ठ्याचा खोका असता तर काहीच अडचण नव्हती. पण आमची बाटली आरपार! किरण तिच्यातून सरळ निघून जातो, जरासा फिका होतो एवढंच. तेवढा फिकेपणा ओळखायचा, आणि तोही स्वतः ठिणगी न पाडता. बाटली असून दिसली नाही, तर ती रिकामीच पुढे जाते. बाटली नसून दिसली, तर स्पिरिट जमिनीवर!

हे सगळं सांभाळायचे आमचे सोनकांबळे सर. गाव बिलोली, शिक्षण आयटीआय, हुद्दा टेक्निशियन. कागदावर मी त्यांची ऑफिसर. पण प्लांटमध्ये गेटवरच्या वॉचमनपासून डायरेक्टरपर्यंत सगळे त्यांना 'सर' म्हणायचे. मीही पहिल्या दिवशी, पहिल्या दहा मिनिटांत म्हणायला लागले. त्याचं कारण ऐका.

*

पहिला दिवस. मी इस्त्रीचा शर्ट, नवीन डायरी घेऊन हजर. सरांनी टेबलावर एक रिकामी बाटली ठेवली.

"मॅडम, काय दिसून राहिलंय?"

मी म्हटलं, "बाटली."

"तुम्हाला दिसते, कारण तुम्हाला माहीत हाय की इथं बाटली हाय. सेन्सरला कोणी सांगितलं?"

मला वाटलं, रॅगिंग सुरू झालं! मी थोड्या तोऱ्यात म्हटलं, "मग आपण सेन्सरला बाटली दाखवून शिकवायचं. टीच बटन असतं ना."

सर हसले. बाटली उचलून त्यांनी खाली कपाटात ठेवून दिली. टेबल रिकामं.

"हे शिकवायचं," ते म्हणाले. "आधी काहीच नसतं तेव्हा कसं दिसतं, ते त्याला नीट शिकवायचं. रिकामं काय ते ज्याला पक्कं कळलं, त्याला त्यात आलेली एवढीशी वस्तू पण कळते. बाटली कितीबी आरपार असू द्या."

मी डायरी उघडली. तीन वर्षांच्या डिप्लोमात हे वाक्य कुठेच आलं नव्हतं.

"लिहून नका घेऊ," सर म्हणाले, "चला, बसवून बघू."

*

आमच्या झोनच्या दारात भिंतीला तांब्याची एक पट्टी आहे. आत जाणाऱ्याने आधी तिला हात लावायचा. अंगात साठलेली स्थिर वीज त्या पट्टीतून जमिनीत उतरते. आमच्या लोकांना त्याची इतकी सवय झाली आहे की हात आपोआप जातो.

एकदा मुंबईहून नवीन डायरेक्टर आले. सूट, चकचकीत बूट, मागे आमचे प्लांट हेड कुलकर्णी साहेब आणि त्यांच्यामागे आम्ही. दाराशी ड्यूटीवर होत्या लताबाई. औशाहून रोज एसटीने येतात, आणि फिलिंग लाईन त्यांच्या हातात. डायरेक्टर कोण, त्यांना काहीच माहीत नाही.

"घड्याळ काढा," लताबाई म्हणाल्या.

डायरेक्टरांनी मागे बघितलं. कुलकर्णी साहेबांनी नजर छताकडे वळवली.

"मोबाईल. चावी. तो कोट पण. हा काय कापूस न्हाई."

सगळं टोपलीत गेलं. बूट बदलून झाले. डायरेक्टर शर्टावर आत निघाले, तर लताबाईंनी हात आडवा केला.

"आवो, आधी तिथं हात लावा!"

डायरेक्टरांनी पट्टीकडे बघितलं. तिच्या वर कोणीतरी झेंडूचं एक फूल अडकवलं होतं, आदल्या दिवशीच्या कसल्या तरी पूजेचं. त्यांनी अत्यंत भक्तिभावाने पट्टीला हात लावला, तोच हात कपाळाला लावला, आणि डोळे मिटून नमस्कार केला!

आमच्यापैकी कोणी श्वास घ्यायला तयार नाही. हसू आलं तर नोकरी जाईल!

लताबाई मात्र अगदी शांत. म्हणाल्या, "हां. आता जा. आता काही होत न्हाई."

परत जाताना डायरेक्टरांनी कुलकर्णी साहेबांना बाजूला घेतलं. आम्हाला वाटलं, लताबाईंचं काही खरं नाही. तर ते म्हणाले, "आपल्या सगळ्या प्लांटच्या दारात अशी बाई पाहिजे."

*

सय्यदभाई आमचे इलेक्ट्रिशियन. उदगीरचे. आवाज मवाळ, बोलणं त्याहून मवाळ. त्यांना कधी कोणावर ओरडताना मी पाहिलं नाही. ओरडायची त्यांना गरजच पडत नाही.

पुण्याहून एका कंपनीचा सेल्सवाला आला होता. त्याच्याकडे एकदम नवीन सेन्सर, आरपार बाटली ओळखण्यात एक नंबर. टेबलावर डेमो दिला, आम्ही खूश! फक्त त्याच्याकडचा तो पीस साधा होता. झोनमध्ये चालणारा, ठिणगी पडणार नाही इतक्याच विजेवर चालणारा पीस महिन्याभराने येणार होता.

सेल्सवाल्याला राहवेना. म्हणाला, "सर, लाईनवर फक्त दोन मिनिटं लावून बघू. चालू बाटल्यांवर रिझल्ट दिसेल. दोन मिनिटांत काय होतंय?"

सोनकांबळे सर काही बोलणार, तेवढ्यात सय्यदभाई उठले, हळूच जाऊन झोनच्या दारात उभे राहिले. दोन्ही हात पाठीमागे.

"बेटा," ते म्हणाले, "काडी पेटायला एक सेकंद लागतो. तुम्ही दोन मिनिटं मागून राहिलात!"

सेल्सवाल्याने बॅग बंद केली. पुढच्या महिन्यात तो खरा पीस घेऊन आला, तेव्हा गेटवरूनच विचारत आला, "सय्यदभाई आहेत ना?"

*

आता हा किस्सा लताबाईंचाच.

एका आठवड्यात लाईनवर रिकाम्या बाटल्या पुढे जायला लागल्या. सगळ्या नाही. दहा बरोबर, एक रिकामी. मग पंधरा बरोबर, दोन रिकाम्या. सेन्सर बघितला, ठीक. आरसा बघितला, लख्ख. सेन्सरवाल्या कंपनीचा इंजिनिअर व्हिडिओ कॉलवर आला. तो म्हणाला सेटिंग वाढवा, आम्ही वाढवलं. तर बाटली नसतानाच सेन्सर 'आहे' म्हणायला लागला. परत कमी केलं. तीन दिवस हेच.

तिसऱ्या दिवशी दुपारी लताबाई सरांना म्हणाल्या, "सर, तुमचं यंतर बरोबर हाय. बाटल्याच दोन जातीच्या हायेत."

आम्ही बाटल्या उजेडात धरून बघितल्या. एकसारख्या! त्याच साच्यातल्या, त्याच पुरवठादाराच्या.

"डोळ्यानं न्हाई कळत," त्या म्हणाल्या. "अंगठ्यानं कळतं. काही बाटल्या लई पातळ हायेत."

सरांनी वाद घातला नाही. हे मला आजही मोठं वाटतं. तीन दिवस आम्ही चार शिकलेली माणसं तिथे उभी होतो, पण त्यांनी लगेच वीस बाटल्या मागवल्या आणि लताबाईंच्या डोळ्यांना रुमाल बांधला. लताबाई अंगठ्याने दाबत गेल्या. "ही जाड. ही जाड. ही पातळ. ही जाड." वीस बाटल्या झाल्या. मग आम्ही त्या लॅबमध्ये नेल्या आणि एकेक वजन केलं. जी पातळ ती हलकी भरणार, हे उघड होतं.

एकोणीस बरोबर! एकच चुकली. लताबाई जिला पातळ म्हणाल्या होत्या, ती काट्यावर जाड बाटलीएवढी भरली.

आम्ही टाळ्या वाजवल्या. वीसमध्ये एकोणीस म्हणजे काय थोडं झालं! पण लताबाई त्या एका बाटलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो काटा परत बगा."

लॅबवाला हसला. म्हणाला, "बाई, हा डिजिटल काटा आहे."

"असू द्या. परत बगा."

परत ठेवली. या वेळी ती हलकी भरली. तिसऱ्यांदा ठेवली, परत हलकी. मग कळलं, पहिल्या वेळी बाटलीच्या तळाला चिकटपट्टीचा एक तुकडा चिकटला होता, तो मधल्या काळात टेबलावर गळून पडला होता.

पुरवठादाराने पातळ बाटल्या परत नेल्या. आणि लॅबवाल्याने? त्याने त्या दिवसापासून प्रत्येक वजन दोनदा घ्यायला सुरुवात केली. कोणी विचारलं तर म्हणतो, "लताबाई विचारतील."

*

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. झोनमध्ये उदबत्ती नाही, दिवा नाही, हे सगळ्यांना पाठ. ते बाहेर करतात. आत फक्त हळदीकुंकू.

त्या वर्षी दसरा झाला, दुसऱ्या दिवशी लाईन चालू करायला गेलो, तर चालूच होईना. सेन्सरला वाटत होतं, समोर बाटली उभी आहे. एकच बाटली ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ दिसत राहिली की लाईन आपोआप थांबते. चालू केली की थांबायची, चालू केली की थांबायची. समोर तर काहीच नाही!

सोनकांबळे सर बिलोलीला, पुतणीच्या साखरपुड्याला. मी फोन लावला. फोन आत नेता येत नाही. त्यामुळे मी बाहेर फोनवर ऐकायचं, पट्टीला हात लावून आत जायचं, बघायचं, बाहेर येऊन सांगायचं. मागे सनई चालू होती, मधूनच कोणीतरी सरांना "दादा, जेवायला चला" म्हणत होतं.

"हिरवा दिवा लागतो का बघा."

मी आत, मी बाहेर. "लागतो, सर."

"केबल हलवून बघा."

आत, बाहेर. "काही फरक नाही."

अशा माझ्या सात-आठ फेऱ्या झाल्या. मला धाप लागली. मग सरांनी एकदम विचारलं, "मॅडम, खंडेनवमीची पूजा कोणी केली?"

"लताबाईंनी."

"त्यांना विचारा, आरशाला कुंकू लावलं का?"

लताबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "लावलं की! सगळ्याला लावलं, त्यालाच कामून सोडायचं? सगळ्यात जास्त काम तर तेच करतंय!"

एवढासा आरसा, नखाएवढा जाड कुंकवाचा टिळा. सेन्सरला उजेड कमी मिळत होता, त्याला वाटत होतं बाटली आली. पुसलं, लाईन चालू!

सर बिलोलीहून आले. मला वाटलं आता नोटीस लागणार: सेन्सरला हळदीकुंकू लावण्यास सक्त मनाई. सर तसं काही बोललेच नाहीत. पुढच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी आत गेले, तर आरशाच्या स्टँडवर, उजेडाच्या वाटेपासून चांगलं वीतभर खाली, एक गोल काढलेला होता. शेजारी सरांच्या सुंदर अक्षरात पट्टी चिकटवलेली:

'कुंकू इथे लावावे.'

*

एकदा तपासणीला बाहेरून एक साहेब आले. अतिशय कडक. प्रत्येक सेन्सरचं सर्टिफिकेट मागायचे. सर फाईल न उघडता नंबर सांगायचे, मग साहेब फाईल उघडून जुळवायचे. जुळायचाच! सात-आठ नंबर झाले. साहेबांना जरा राग यायला लागला.

शेवटी झोनच्या उंबऱ्यात एक पाय टाकून ते म्हणाले, "मग तुमच्या झोनमध्ये आत्ता, या क्षणी, एकही वस्तू विनासर्टिफिकेट नाही, असं तुम्ही छातीठोकपणे म्हणता?"

"न्हाई साहेब, तसं नाही म्हणत," सर म्हणाले. "एक हाय."

"कुठे?"

"तुमच्या खिशात. गाडीची चावी."

*

नांदेडचा एक किस्सा सांगते, कारण तो माझ्यामुळे घडला.

अर्चनाताई म्हणून माझ्या ओळखीच्या. नांदेडला त्यांचं छोटं युनिट. नेलपॉलिश काढायचं लिक्विड छोट्या पारदर्शक बाटल्यांत भरतात. सगळं स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. बाटल्या मोजायला आणि रिकामी पुढे गेली तर काढायला त्यांच्याकडे एक बाई स्टुलावर बसायच्या, भरणाऱ्या नळीच्या अगदी शेजारी. अर्चनाताईंनी मला विचारलं, सेन्सर बसवता येईल का? मी सरांना विचारलं. रविवारी आम्ही दोघं नांदेडला गेलो.

सर आत गेले, दोन मिनिटांत बाहेर आले. मला वाटलं, काही विसरले. ते अर्चनाताईंना म्हणाले, "ताई, त्या आतल्या बाईंचं नाव काय?"

"मंगल."

"मंगलबाईंना आधी बाहेर बोलवा. त्यांचे डोळे लाल झालेत. चहा घेऊ द्या. मग सेन्सरचं बघू."

अर्चनाताई खजील झाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांना रोज दिसत होतं, म्हणूनच दिसत नव्हतं. मंगलबाई बाहेर येऊन ओट्यावर बसल्या. सर त्यांच्याशेजारी बसले आणि तासभर सेन्सरचं नावही काढलं नाही. धर्माबादचं माहेर, मुलगी बारावीला, डोकं कधी दुखतं, दुपारी की संध्याकाळी, सगळं विचारून घेतलं. मग उठले.

त्यांच्या युनिटमध्ये मोठे बदल करणं अवघड होतं. खोली लहान, जुनं वायरिंग. सरांनी भिंत ठोकून बघितली आणि म्हणाले, "सेन्सरचा करंट आत न्यायचाच न्हाई."

मी म्हटलं, "मग सेन्सर चालणार कसा?"

"सेन्सरचा डबा भिंतीच्या बाहेर. भिंतीला भोक, त्यातून काचेच्या तंतूची केबल. आत फक्त उजेड जाणार, उजेड परत येणार. उजेडाला काय शॉर्टसर्किट होतं?"

ती कल्पना काही सरांनी शोधली नव्हती, जगभर तशी केबल वापरतात. पण त्या खोलीत, त्या भिंतीसमोर ती सुचली त्यांना. पुढचे तीन रविवार आम्ही जाऊन ते काम केलं. खोलीची हवा बाहेर ओढणारा, झोनमध्ये चालणारा पंखा सय्यदभाईंनी येऊन बसवला. भोक मारताना खोली पूर्ण रिकामी, दोन दिवस आधीपासून लिक्विडचा थेंब आत नाही. सरांची अटच तशी होती.

काम झालं. बाहेरच्या डब्यावर आकडे दिसायला लागले. मंगलबाईंचं स्टूल बाहेर आलं, खिडकीजवळ. त्या आकडे बघायच्या आणि वहीत लिहायच्या.

अर्चनाताईंनी सरांना विचारलं, "सर, तुम्हाला काय द्यायचं?"

सर म्हणाले, "मला काही नको. मंगलबाईंना विचारा, त्यांना काही पाहिजे का."

मंगलबाईंनी बराच विचार केला. मग म्हणाल्या, "मला त्या सेन्सरचं शिकवा."

आज नांदेडला तो सेन्सर कोणी सेट करत असेल, तर मंगलबाई करतात. मला फोन करून एकदा म्हणाल्या, "मॅडम, सरांना सांगा, मी आधी रिकामं शिकवलं!"

*

आता शेवटचा. हा आम्ही टपरीवर सहसा सांगत नाही, पण सांगितला तर सगळ्यात शेवटी सांगतो.

सॅनिटायझरची मोठी ऑर्डर होती, हॉस्पिटलची. गाडी सकाळपासून गेटवर. आणि नेमका त्याच दिवशी सेन्सर दगा द्यायला लागला. बाटली नसतानाही 'आहे, आहे' म्हणायचा आणि लाईन थांबायची. लताबाई आरसा पुसायच्या, पाच मिनिटं चालायची, परत थांबायची. पुसा, चालवा, थांबा. दुपारचे दोन वाजले, निम्मा मालही भरून झाला नव्हता.

कुलकर्णी साहेब खाली आले. माणूस चांगला, पण त्या दिवशी वरून फोनवर फोन येत होते. म्हणाले, "सेन्सर बायपास करा. टायमरवर नळी उघडेल, टायमरवरच बंद होईल. लताबाई उभ्या आहेतच, डोळ्यांनी बघतील. गाडी गेली की सावकाश दुरुस्त करा."

मी ऑफिसर. नाही म्हणायचं काम माझं होतं. पण मी हातातल्या डायरीत बघत राहिले, हे खरं सांगते.

सर म्हणाले, "ठीक हाय साहेब. बायपासचा फॉर्म भरावा लागेल."

"भरा, लवकर भरा."

सर टेबलाशी बसले. घाई नाही. तारीख, लाईन नंबर, सेन्सर नंबर, कारण. शेवटच्या रकान्यात लिहिलेलं असतं: 'बायपास काळात आत उपस्थित राहणारी व्यक्ती.' सरांनी तिथेही लिहिलं, आणि फॉर्म साहेबांपुढे सरकवला.

"सही करा, साहेब."

साहेबांनी पेन काढलं, आणि थांबले.

"इथे माझं नाव का लिहिलंय?"

सरांचा आवाज जराही चढला नाही. "मग कोणाचं लिहू? तुम्ही सांगा, मी हे खोडून ते लिहितो."

साहेबांनी लताबाईंकडे बघितलं. लताबाई पदराने हात पुसत उभ्या होत्या. मग सय्यदभाईंकडे. मग माझ्याकडे. बाहेर गाडीवाल्याने एकदा हॉर्न वाजवला.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

"लाईन बंद करा," ते म्हणाले. "काय झालंय ते शोधा. फोन मी घेतो."

लाईन बंद झाली. सर आत गेले. आरशावरून बोट फिरवलं, बोट नाकाजवळ नेलं, आणि तिथूनच ओरडले. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदा ऐकलं.

"सगळे बाहेर! मेन व्हॉल्व्ह बंद!"

भरण्याच्या नळीच्या जोडातलं रबर चिरलं होतं. केसाएवढी चीर. तिच्यातून स्पिरिटचा इतका बारीक फवारा उडत होता, की डोळ्यांना दिसत नव्हता, जमिनीवर थेंब नव्हता, आणि पलीकडच्या कोपऱ्यातल्या वाफ ओळखणाऱ्या अलार्मपर्यंत अजून पोचला नव्हता. तो आरशावर बसत होता. सेन्सर सकाळपासून सांगत होता, मध्ये काहीतरी आहे. होतंच! लताबाई ज्या जागी उभ्या राहून आरसा पुसत होत्या, तिथून तो जोड हातभर लांब होता.

खोली पूर्ण मोकळी केली. तासभर पंखे चालवले, हवा तपासली, मग रबर बदललं. सगळं परत तपासलं. संध्याकाळी सहाच्या सुमारास लाईन चालू झाली आणि गाडी भरून गेली. लताबाईंची औशाची एसटी चुकली होती. साहेबांनी स्वतःच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवून त्यांना घरी सोडायचं ठरवलं.

निघायच्या आधी ते आमच्या टेबलापाशी आले. तो फॉर्म तसाच पडला होता, बिनसहीचा. त्यांनी तो उचलला, शेवटचा रकाना परत एकदा वाचला, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

सर म्हणाले, "साहेब, तो रद्द झालेला फॉर्म हाय. फाईलला लावावा लागतो."

साहेब म्हणाले, "झेरॉक्स लावा, सोनकांबळे सर. हा माझ्याकडे राहू द्या."

सरांनी थोडा विचार केला. झेरॉक्स काढून आणली. साहेबांसमोर ठेवली.

"मग यावर लिहा, 'मूळ प्रत माझ्याकडे आहे.' आणि खाली सही करा."

साहेबांनी सही केली.